चालणारी रेघ

पानाच्या डब्यावर हात ठेवून सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझे उरलेसुरले दात आत्ता इथं ओट्यावर गळून पडोत आणि ह्या डब्यातली सुपारी मला पुन्हा दिसू नये. हसू नका. मगरीची गोष्ट वेगळी होती. मगर कृष्णेतून वर आली, माझ्या हातचा विडा खाल्ला आणि चुना जास्त झाला म्हणून तोंड वाकडं केलं, त्यात मी थोडी भर घातली होती, हे मी कधी नाकारलेलं नाही. पण आजची गोष्ट माझ्या लेकीची आहे. लेकीच्या गोष्टीत भर घालत नसतात.

तर ऐका. दुपारची वेळ. शहरातला मोठा दवाखाना, त्यातला आयसीयू. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावून माझी त्रिशला खाटेवर पडलेली, आणि मी ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसतेय. तिथं नातेवाइकांना थांबू देत नाहीत. पण ही घाबरून मास्क ओढून काढायची, आणि मी शेजारी असले की गप्प पडायची. म्हणून सिस्टरनं मला एक स्टूल दिलं होतं.

"आई," ती मास्कमधून म्हणाली, "पोटात कुणीतरी पिळतंय."

"मगर असेल."

"मगर पिळत नाही. चावते."

एवढं बोलायला तिला तीनदा श्वास घ्यावा लागला. गणिताची मास्तरीण ती. मरतानासुद्धा माझी चूक काढणार, असं मनात आलं आणि मी माझीच जीभ चावली.

सिस्टरनं आणि मी मिळून तिला कुशीवर वळवलं. पाठ पुसली, कंबर पुसली, आणि मांडीच्या मागच्या बाजूला मला ती रेघ दिसली. लाल, जरा उठलेली, करंगळीएवढी लांब. नखानं ओरखडल्यासारखी. मला वाटलं चादरीची घडी रुतली असेल. सिस्टर दुसऱ्या खाटेकडे गेली. मी त्रिशलाचे केस विंचरले, होते नव्हते तेवढ्यांची वेणी घातली, स्टुलावर बसून णमोकाराची एक माळ ओढली. मग पांघरूण सारखं करायला गेले, तर रेघ पुढं गेलेली.

मागचं टोक फिकट पडलं होतं आणि पुढचं टोक पुढं सरकलं होतं. मी डोळे पुसले, चष्मा पुसला. रेघ होती तिथंच होती, म्हणजे नवीन ठिकाणी.

"सिस्टर, ही रेघ चालतेय."

"औषधांची ॲलर्जी असेल मावशी. सांगते डॉक्टरांना." ती लांबूनच म्हणाली. तिच्या हातात दुसऱ्याची नळी होती, तिचं काही चुकलं नाही.

मग मी पिशवीतली काजळाची डबी काढली. त्रिशलाला दृष्ट लागू नये म्हणून रोज तिच्या कानामागं तीट लावायची, ती डबी. रेघेच्या पुढच्या टोकाला एक ठिपका दिला. एक माळ ओढली. रेघ ठिपका ओलांडून गेली. दुसरा ठिपका दिला. पुन्हा माळ, पुन्हा ठिपका. असे तीन. गाडी स्टेशनं घेत जाते तशी ती रेघ माझ्या पोरीच्या मांडीवरून चालली होती, आणि पोरीला त्याचा पत्ता नव्हता.

मी उठले आणि बाहेर गेले.

बाहेर बाकावर दोघंजण होते. एक आमचे आण्णा, म्हणजे माझा नवरा. अख्खा गाव आण्णा म्हणतो म्हणून मीही म्हणते. दुसरा भरतेश, आमचा जावई. वीज मंडळात इंजिनिअर. चार दिवसांत त्याची दाढी वाढली होती आणि शर्ट ढगळ झाला होता.

आता त्रिशलाला काय झालं होतं ते सांगते. तिला ल्युपस होता. मोठ्या डॉक्टरांनी, गुळवणी त्यांचं नाव, मला समजेल असं सांगितलं होतं: प्रत्येकाच्या अंगात एक राखणीचं कुत्रं असतं, परका आला की भुंकतं, चावतं. हिचं कुत्रं पिसाळलं आणि घरच्यांनाच चावायला लागलं. सांधे सुजले, गालावर लाल डाग आले, मूत्रपिंडाला धोका झाला. मग त्या कुत्र्याला गुंगीत ठेवायच्या गोळ्या सुरू केल्या. स्टेरॉइड आणि आणखी एक. गोळ्यांनी पोरगी उभी राहिली. फक्त कुत्रं गुंगीत आहे म्हटल्यावर चोराला रान मोकळं, म्हणून इन्फेक्शनपासून जपायचं.

आणि जपायचं कसं, ते भरतेशकडून शिकावं. पाणी उकळलेलं. कोशिंबीर बंद. भाज्या औषधाच्या पाण्यात धुतलेल्या. दारात साबण. मी एकदा त्यांच्या घरी शिंकले तर त्यानं मला गॅलरीत बसवलं होतं, आणि जेवणाचं ताट दारातून आत सरकवलं होतं. मी गावात सांगितलं की जावयानं मला तुरुंगात टाकलं. पण मनातून बरं वाटलं होतं. एवढं जपणारा नवरा कुणाला मिळतो.

एवढं जपूनही पोरीला ताप आला, पोट दुखायला लागलं, उलट्या झाल्या, मग खोकला, मग धाप.

मी बाहेर आले तेव्हा गुळवणी डॉक्टर त्या दोघांसमोर उभे होते.

"फुप्फुसात जे दिसतंय, त्याची दोन कारणं असू शकतात," ते म्हणत होते. "एक, तिचा जुना आजारच फुप्फुसावर उलटलाय. तसं असेल तर स्टेरॉइडचा मोठा डोस सलाइनमधून द्यावा लागेल. आणि आजच. दुसरं, आत कुठलं तरी इन्फेक्शन आहे. तसं असेल तर तोच डोस तिला…"

"मारेल," भरतेश म्हणाला.

डॉक्टर पुढं म्हणाले, "रक्तात काही उगवत नाही. टीबी सापडत नाही. अँटिबायोटिक चालू आहेत, फरक नाही. माझा कल पहिल्या कारणाकडे आहे. संध्याकाळपर्यंत दुसरं काही हाती लागलं नाही तर डोस सुरू करू. याहून जास्त थांबलो तर काही करण्यासारखं उरणार नाही."

ते गेले. त्यांच्या मागं त्यांच्या हाताखालची डॉक्टर थांबली. नसीमा बागवान. माझ्या थोरल्या नातीएवढी दिसायची, डोळ्यांखाली काळं, कोटाच्या खिशात बिस्किटाचा पुडा. तिनं हातातल्या कागदावर पेन टेकवलं.

"आण्णा, मी पुन्हा विचारते, कंटाळू नका. घरात कुणाला टीबी होता?"

"नाही."

"कबुतरं, कोंबड्या?"

"मी गॅलरीला जाळी मारलीय," भरतेश म्हणाला.

"शेतात, मातीत अनवाणी फिरते का?"

आण्णांना राग आला. "अनवाणी? बाई, आमच्या उसात हे एवढाले साप. माझी पोरगी शेतात चपलीशिवाय पाऊल टाकत नाही. गड्यांना पण मी चपला घेऊन देतो, विचारा कुणालाही."

"आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो," भरतेश म्हणाला. "आमचं शेतच नाही."

मीही मान हलवली. खरंच होतं ते. तिनं कागदावर काट मारली.

"डॉक्टरबाई," मी म्हणाले, "तिच्या मांडीवर एक रेघ चालतेय."

"आक्का," भरतेश म्हणाला. मला सगळे राजाक्काच म्हणतात, जावईसुद्धा. "आक्का, आता नको."

"चालतेय म्हणजे?" तिनं विचारलं.

"तुम्ही लक्ष देऊ नका." भरतेशचा आवाज अगदी थकलेला होता. "ह्यांना गोष्टी सांगायची सवय आहे. मगर, विडा, काय काय. आक्का, हात जोडतो, तुमची मगर आज बाहेर काढू नका."

मी आण्णांकडं पाहिलं. पन्नास वर्षांचा संसार. ते म्हणाले, "बस की गं जरा गप."

बागवानबाई काही बोलणार तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती पळाली.

त्यांचाही दोष नव्हता. साखरपुड्यात मी भरतेशच्या काकांना सांगितलं होतं की आमच्या मळ्यातलं पान उशीखाली ठेवलं की घोरणं थांबतं. ते बिचारे वर्षभर पान उशीखाली ठेवून झोपले आणि वर्षभर घोरले. लग्नात मी मांडवभर मगर सांगितली. आयुष्यभर मी खोटं सांगितलं आणि लोकांनी पोट धरून हसत ऐकलं. आणि आता एकदा, एकदाच, मला खरं सांगायचं होतं, तर माझ्याच माणसांनी तोंड फिरवलं.

मी परत आत जाऊन स्टुलावर बसले. त्रिशलाचा श्वास आता भाता ओढल्यासारखा येत होता. डोळे अर्धे उघडे, पण ओळख नव्हती. मी "त्रिशू" म्हटलं तर नजर माझ्यावरून घसरून गेली. खिडकीतलं ऊन भिंतीवरून वर वर सरकत होतं, आणि मी त्या उन्हाला मनातल्या मनात शिव्या घालत होते. तेवढ्यात सिस्टर एक बाटली घेऊन आली.

"हे काय?"

"सरांनी सांगितलंय. मोठा डोस."

"संध्याकाळी म्हणाले होते."

"ऑक्सिजन खाली चाललाय मावशी. आता थांबत नाहीत."

मी बाहेर धावले. ह्या गुडघ्यांनी. बागवानबाई जिन्याजवळ उभी राहून बिस्किट खात होती. मी तिच्या कोटाची बाही धरली.

"पोरी, मी खोटारडी आहे. गावात विचार, जावयाला विचार, सगळे सांगतील. पण ती रेघ मी बघितली. एकदा येऊन बघ. मग मला हाकलून दे."

तिनं हातातलं अर्धं बिस्किट खिशात टाकलं. "चला."

आयसीयूच्या दारात ती सवयीनं म्हणाली, "चप्पल बाहेर, मावशी."

"सकाळपासून बाहेरच आहे. आम्हा पानमळ्याच्या माणसांना हे सांगावं लागत नाही."

ती पुढं गेली. सिस्टर बाटली लटकवत होती. "एक मिनिट थांबा," बागवानबाई म्हणाली आणि तिनं पांघरूण बाजूला केलं.

रेघ नव्हती.

मांडी साफ. नुसते माझे तीन काळे ठिपके. मी खाटेची कड धरली. भरतेश आमच्या मागोमाग दारापर्यंत आला होता. त्यानं काचेतून माझ्याकडं पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता, कीव होती. ती मला जास्त लागली.

"इथं होती," मी म्हणाले. "हा बघ ठिपका. रेघ इथवर आली तेव्हा हा दिला, मग माळ ओढली, मग हा, मग हा."

बागवानबाईनं तिन्ही ठिपक्यांवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. तिनं बोटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ.

"मावशी, मला ठिपक्यांचं नका सांगू," ती म्हणाली. "रेघ कशी दिसत होती ते सांगा. आणि चालली कशी?"

"लाल. कडेनं जरा सुजलेली. मागून विझत जायची, पुढून पेटत जायची. आणि चालणं कसं, तर उंबऱ्यावर मुंगी वाट चुकते ना, थोडी इकडं, थोडी तिकडं, पुन्हा इकडं, तशी. आखून मारल्यासारखी नाही. आत काहीतरी जिवंत आहे आणि त्याला बाहेरची वाट सापडत नाही, असं."

ती हलली नाही. सिस्टर म्हणाली, "मॅडम, लावू का?"

"नको." मग अगदी हळू माझ्याकडं वळून, "मावशी, दारात काय म्हणालात तुम्ही?"

"कधी?"

"चपलांचं."

"म्हणाले, पानमळ्याच्या माणसांना सांगावं लागत नाही."

"पानमळ्यात चप्पल घालत नाहीत?"

असल्या वेळी असला प्रश्न. मला संताप आला. "पानमळ्यात चप्पल? तू मशिदीत घालून जातेस का? बांधावर काढायची, हात जोडायचे, मग आत. नाहीतर वेल रुसते."

"आणि त्रिशला मळ्यात जाते?"

"जाते म्हणजे? तिथंच रांगली ती. शाळेला सुट्टी लागली की बायकांबरोबर पान खुडायला. लग्न झाल्यावरसुद्धा. ह्या दिवाळीत गोळ्यांनी बरं वाटत होतं, तर रोज होती."

"खाली माती कशी असते?"

"ओली. बारा महिने ओली, सावलीतली, शेणखत घातलेली. लोण्यासारखी. पाय रुततो."

बागवानबाईनं डोळे मिटले. "आण्णा म्हणाले, अनवाणी फिरत नाही."

"तू शेतात विचारलंस," मी म्हणाले. "पानमळा काय शेत आहे?"

हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि माझ्याच कानांवर येऊन आदळलं. आम्हा कुणालाच ते अनवाणी फिरणं कधी वाटलंच नव्हतं. देवळात गेलेल्या माणसाला कुणी अनवाणी म्हणतं का?

पुढचं सगळं भराभर झालं. तिनं सिस्टरला बाटली उतरवायला लावली. त्रिशलाला बसतं करून, पाठीवर थापटून, घशातला बेडका एका डबीत घेतला. गुळवणी आले, बाटली खाली बघून त्यांच्या कपाळाची शीर उठली.

"बागवान, आपल्याकडे वेळ नाहीये."

"सर, एक स्लाइड. मी स्वतः बघते. मातीतला जंत असू शकतो. बारीक, तळपायातून शिरणारा."

"ही बाई शिक्षिका आहे."

"पानमळ्यातली आहे, सर."

ते एक क्षण तिच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पळ."

ती पळाली. ते तिच्या मागं चालत गेले, आणि जिन्यावर तेही पळायला लागलेले मी पाहिले.

आम्ही तिघं बाकावर बसलो. मी भरतेशला काय झालं ते सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं की नाही कळलं नाही. त्याचं सगळं लक्ष आयसीयूच्या दाराकडं होतं. डोस थांबवला, हेच त्याच्या डोक्यात फिरत होतं. "आणि तो आजारच असला तर?" तो म्हणाला. "तुमच्या रेघेपायी डोस थांबला आणि तो आजारच असला तर, आक्का?"

मी पिशवीतली माळ काढली आणि ओढायला लागले.

गुळवणी आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीच वाचता येईना. ते आमच्यासमोर बाकावरच बसले.

"आहेत," ते म्हणाले. "थुंकीत. जिवंत, वळवळणारे. दोऱ्याहून बारीक." मग त्यांनी समजावलं. हा जंत ओल्या मातीतून तळपायातून शिरतो आणि आतड्यात जाऊन बसतो. आतल्या आत पिल्लं घालतो, म्हणून वर्षानुवर्षं राहतो. राखणीचं कुत्रं जागं असतं तोवर तो कोपऱ्यात दबून असतो, माणसाला पत्ताही लागत नाही. कुत्र्याला गुंगी आली की तो वाढतो. हजारोंनी. आतड्यातून फुप्फुसात, रक्तात, आणि जाताना आतड्यातली घाण बरोबर घेऊन. "लहानपणापासूनच असेल तिच्यात. आणि आपण आज जो डोस देणार होतो तो…" त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"मी भाज्या तीन-तीन पाण्यांनी धुवायचो," भरतेश म्हणाला. कुणाला म्हणाला कोण जाणे. "कुणाला आत येऊ दिलं नाही मी. कुणालाच."

आण्णा आपल्या तळपायांकडं बघत होते. भेगाळलेले, पिढ्यान् पिढ्या त्या मातीत गेलेले पाय.

"मळ्यानं?" ते म्हणाले. "आपल्या मळ्यानं?"

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. एरवी चारचौघांत मी असं करत नाही.

औषध काय, तर जंताची गोळी. नाव ऐकून आण्णा म्हणाले, "ह्याचं इंजेक्शन आपल्या म्हशीला दिलं होतं." तेव्हा कुणी हसलं नाही. गुळवणींनी स्टेरॉइड हळूहळू उतरवायला घेतलं, जंताची गोळी सुरू केली, रक्तात शिरलेल्या घाणीसाठी अँटिबायोटिक बदललं. आणि भरतेशच्या चेहऱ्यावर जरा रंग येतोय हे बघून म्हणाले, "कारण सापडलं म्हणजे पोरगी सापडली असं समजू नका. ह्यातून परत येणारे कमी असतात."

त्याच संध्याकाळी तिचा श्वास तिला पेलेना. घशात नळी घालून मशिनवर ठेवलं. गोळी कुटून नाकातल्या नळीतून द्यायची. रोज थुंकी तपासायची, रोज जंत सापडायचे. मग ताप डोक्यात चढला. तिनं डोळे उघडणं बंद केलं. मी शेजारी बसून तिचे तळपाय चोळायची. मऊ, पांढरे, शाळेत बूट घालून जाणारे पाय. ह्याच पायांना लहानपणी चिखल लागला की मी म्हणायची, लक्ष्मी लागली.

एका दुपारी भरतेश बाकावर माझ्या शेजारी येऊन बसला.

"आक्का, मगरीची गोष्ट सांगा."

"आता?"

"आत्ताच. पहिल्यापासून."

मी तोंड उघडलं. कृष्णेचा घाट, मी, पानाचा डबा. आणि पुढं काहीच येईना. हजारदा सांगितलेली गोष्ट, झोपेत सांगेन अशी. मगर पाण्यातून वरच येईना. मी नुसती "मग ती…मग ती…" करत बसले, आणि त्यानं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. असा उंचापुरा माणूस. त्याच्या अंगाला कधी माझा पदरसुद्धा लागला नव्हता.

नंतर एका सकाळी बागवानबाई लॅबमधून आली आणि म्हणाली, आज स्लाइडवर काही हललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ताप उतरला. मग मशिनचा जोर कमी करत आणला, आणि एके दिवशी घशातली नळी काढली. आम्ही दोघं खाटेपाशी उभे. त्रिशलाचे ओठ फाटलेले, आवाज नुसती हवा. भरतेशनं वाकून विचारलं, "काय म्हणतेस?"

ती माझ्याकडं बघत होती.

"चावते," ती म्हणाली.

भरतेशला काही कळलं नाही. मला कळलं: मगर पिळत नाही. मी बाहेर जाऊन जिन्यावर बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले.

त्या तापात तिचा डावा कान गेला. अजून त्या कानानं ऐकू येत नाही. ल्युपस आहे, गोळ्याही आहेत, पण आता असल्या गोळ्या सुरू करण्याआधी अंगात जंत आहे का, ते गुळवणी डॉक्टर सगळ्यांनाच तपासायला लावतात म्हणे. आमच्या गावातून कुणी गेलं की पहिला प्रश्न मळ्याचा.

आण्णा त्या हिवाळ्यात मळ्यात गेलेच नाहीत. बांधावर उभे राहायचे, परत यायचे. मग एक दिवस शहरातून रबरी बूट आणले, गुडघ्यापर्यंतचे, सगळ्या खुडणाऱ्या बायकांना पुरतील एवढे. बांधावर ओळीनं मांडले. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. वेलींना हात जोडून म्हणाले, "माफ कर बाई, पण माझी पोरगी पण तुझीच आहे." आणि पहिला जोड स्वतः घालून आत गेले. गाव म्हणालं, आण्णाचं डोकं फिरलं. वेल काही रुसली नाही.

तुम्हाला वाटत असेल बुटांची पूजा मी घुसडली. नाही, ती खरी. नारळाचं खोबरं तुमच्यातल्या निम्म्यांनी खाल्लंय.

पण आता एक दात जरा हलल्यासारखा वाटतोय, म्हणून सांगून टाकते.

काजळ.

रेघ मी बघितली. चाललेली बघितली. पण तेव्हा मला काजळ बिजळ सुचलं नाही, मी तशीच बाहेर धावले. भरतेशनं हात जोडले, आण्णा गप बस म्हणाले, आणि मी परत आत येऊन पांघरूण वर केलं तर मांडी कोरी. माझ्याजवळ दाखवायला काही नव्हतं. मग मी डबी उघडली आणि तीन ठिपके दिले. एकामागं एक, एका दमात.

दवाखान्यातून निघायच्या दिवशी बागवानबाई मला पोचवायला पायऱ्यांपर्यंत आली. म्हणाली, "मावशी, तुमचे ठिपके पट्टी लावून मारल्यासारखे सरळ होते. तो जंत सरळ चालत नाही."

"तेव्हाच कळलं होतं तुला?"

"बोट लावलं तेव्हाच. तिन्ही सारखेच ताजे."

"मग माझं ऐकलंस कशाला गं?"

"वाट चुकलेली मुंगी तुम्हाला कुठून सुचणार होती?" ती म्हणाली. खिशातून बिस्किटाचा पुडा काढून एक मला दिलं, एक स्वतः खाल्लं. "ठिपके मी स्पिरिटनं पुसून टाकले. सरांना दाखवले नाहीत."

त्रिशलाला हे अजून माहीत नाही. आता ती इथंच बसलीय, पानं पुसतेय, पण मी मघापासून मुद्दाम तिच्या डाव्या बाजूला सरकून सांगतेय.